पडणे, पाडणे आणि इंग्रजीतील जुळी क्रियापदे

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हे दूध पचविताना आपणां विद्यार्थ्यांची जी दमछाक होते तिची कारणे अनेक आहेत. स्पेलिंग आहे, उच्चार आहेत, काळांची गुंतागुंत आहे. परंतु या सर्वांहून अधिक छळतात ती एकमेकांसारखी दिसणारी आणि ऐकू येणारी क्रियापदे. लाय आणि ले, राइझ आणि रेझ, सिट आणि सेट, फाइंड आणि फाउंड, लिव्ह आणि लीव्ह ही त्यांतील काही नावे. जुळ्या भावांत थोरला कोण आणि धाकटा कोण हे शेजाऱ्याला वर्षानुवर्षे कळत नाही. आईला मात्र ते पाठमोरे असले तरी कळते. या क्रियापदांच्या बाबतीत आपली स्थिती त्या शेजाऱ्यासारखी आहे. हाती असलेला मोबाइलही येथे फारसा कामास येत नाही, कारण दोन्ही शब्दांचे स्पेलिंग आपापल्या जागी बरोबरच असते. चूक असते ती निवडीत.

ही क्रियापदे शिकण्याची रूढ पद्धत म्हणजे घोकंपट्टी. वहीत तीन रकाने पाडायचे, मूळ रूप, भूतकाळ आणि तिसरे रूप लिहायचे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचे. पेपर संपला की रकानेही संपतात. शिवाय गुरुजनांचा एक उपदेश आपण सर्वांनीच ऐकलेला आहे, की इंग्रजी लिहिताना मराठीतून विचार करू नका. हा उपदेश पुष्कळ ठिकाणी खरा आहे. तथापि त्यांची क्षमा मागून मला असे म्हणावयाचे आहे, की या जुळ्या क्रियापदांपैकी सर्वांत अवघड जो गट आहे, त्याच्यापुरता हा उपदेश बाजूला ठेवावा. त्या कुलुपाची किल्ली मराठीतच आहे, आणि ती कोणत्याही मार्गदर्शिकेत शोधावी लागत नाही.

घरातले व्याकरण

माझी आई शाळेत गेलेली नाही. अकर्मक, सकर्मक, प्रयोजक हे शब्द तिच्या कानांवरून कधी गेले असतील असे वाटत नाही. परंतु ‘छप्पर गळते’ आणि ‘चहा गाळते’ यांत तिची कधीही गल्लत होत नाही. गुरे चरतात आणि गुराखी गुरांना चारतो. चिंच पडते आणि पोरे चिंचा पाडतात. दोरी तुटते आणि कोणी तरी ती तोडतो. कर्ज फिटते आणि माणूस ते फेडतो. घरी दारी, शेतात, बाजारात ही जोडपी दिवसातून शंभर वेळा वापरली जातात आणि एकदाही चुकत नाहीत.

आता या जोडप्यांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. पडणे, गळणे, चरणे, तुटणे, फिटणे या क्रिया कर्त्याच्या ठायीच संपतात. पाडणे, गाळणे, चारणे, तोडणे, फेडणे या क्रियांत कर्ता दुसऱ्यावर काही तरी घडवून आणतो. पहिल्या रूपाचे दुसरे रूप होताना शब्दाच्या पोटातील स्वर बदलतो. अ चा आ होतो : पडणे–पाडणे, मरणे–मारणे, जळणे–जाळणे, टळणे–टाळणे. उ चा ओ होतो : तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. इ चा ए होतो : फिटणे–फेडणे. काही ठिकाणी स्वर न बदलता मध्ये ‘व’ येतो : बसणे–बसवणे, उठणे–उठवणे, निजणे–निजवणे. पिणे–पाजणे हे जोडपे थोडे निराळे, पण कुळ तेच.

इंग्रजीतील लाय आणि ले, राइझ आणि रेझ, सिट आणि सेट, फॉल आणि फेल ही चार जोडपी नेमकी याच प्रकारची आहेत. यांपैकी प्रत्येक जोडप्यातील पहिले म्हणजे ‘पडणे’ आणि दुसरे म्हणजे ‘पाडणे’. एवढे एक सूत्र ध्यानात आले की अर्धे काम झाले.

चार जोडपी

पहिले जोडपे लाय आणि ले. लाय, स्पेलिंग एल-आय-ई, म्हणजे आडवे होणे, पडून असणे. ले, स्पेलिंग एल-ए-वाय, म्हणजे आडवे करणे, ठेवणे, निजवणे. मूल अंथरुणावर निजते तेव्हा लाय. आई मुलाला अंथरुणावर निजवते तेव्हा ले. पुस्तक टेबलावर पडलेले असते तेव्हा लाय. कोणी पुस्तक टेबलावर ठेवतो तेव्हा ले. कोंबडी अंडी घालते तेव्हा नेहमी ले, कारण तेथे ‘अंडी’ हे कर्म आहे. सार्वजनिक इमारतींच्या कोनशिलांवर ‘लेड बाय’ असे कोरलेले असते, तेही याच क्रियापदाचे रूप. दगड स्वतः येऊन बसला नाही, कोणाच्या तरी हस्ते तो बसवला गेला.

घोटाळा खरा होतो तो रूपांमुळे. दोघांची रूपे अशी आहेत :

लाय – ले – लेन : आडवे होणे, पडून असणे.
ले – लेड – लेड : आडवे करणे, ठेवणे.

पहिल्याचा भूतकाळ म्हणजे दुसऱ्याचे मूळ रूप ! एका भावाने दुसऱ्याचा सदरा घालून फिरावे तसा हा प्रकार आहे. भर म्हणून लाय नावाचे आणखी एक क्रियापद त्याच स्पेलिंगचे आहे. त्याचा अर्थ खोटे बोलणे. मात्र त्याची रूपे सरळ आहेत : लाय – लाइड – लाइड. याचा वरील दोघांशी काहीही नातेसंबंध नाही, नाव तेवढे सारखे.

दुसरे जोडपे राइझ आणि रेझ. राइझ – रोझ – रिझन म्हणजे वर येणे, उगवणे, वाढणे. रेझ – रेझ्ड – रेझ्ड म्हणजे वर करणे, उचलणे, वाढवणे. सूर्य उगवतो, धूर वर जातो, नदीचे पाणी चढते. ही सर्व राइझची कामे. वर्गात हात वर करायचा, वर्गणी गोळा करायची, आवाज उठवायचा, ही रेझची. याच घरातील अराइझ म्हणजे उद्भवणे. प्रश्न आपोआप उद्भवला तर तो ‘अराइझ’ होतो, आणि सभेत कोणी उभे राहून तो उपस्थित केला तर ‘रेझ’ होतो.

तिसरे जोडपे सिट आणि सेट. सिट – सॅट – सॅट म्हणजे बसणे. सेट – सेट – सेट म्हणजे बसवणे, मांडणे, ठेवणे. पाहुणे ओसरीवर बसतात तेव्हा सिट. भांडे चुलीवर ठेवतात तेव्हा सेट. सेटची तिन्ही रूपे एकच असल्याने पाठांतराचा त्रास नाही. याला अपवाद मात्र आहेत, आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सूर्य मावळतो त्याला इंग्रजीत ‘सेट’ म्हणतात आणि सिमेंट धरते त्यालाही ‘सेट’ म्हणतात. तेथे कर्म नाही. असे अपवाद थोडे आहेत. ते वेगळे लक्षात ठेवावेत.

चौथे जोडपे फॉल आणि फेल. फॉल – फेल – फॉलन म्हणजे पडणे. फेल – फेल्ड – फेल्ड म्हणजे पाडणे, विशेषतः झाड पाडणे. येथेही लाय-ले सारखाच सदऱ्यांचा घोटाळा आहे, कारण पडणेचा भूतकाळ आणि पाडणेचे मूळ रूप एकच. आपल्याला परीक्षेमुळे परिचित असलेले ‘फेल’ निराळे, त्याचे स्पेलिंगही निराळे. त्याची आठवण या लेखात न काढलेली बरी.

‘ने’ची कसोटी

आता सूत्र कळले, तरी ऐन वेळी कोणते रूप लिहावे हे ठरवायचे कसे ? त्यासाठी मराठीने आपल्याला फुकट दिलेली एक कसोटी आहे. जे वाक्य लिहावयाचे आहे ते आधी मनात मराठीत, भूतकाळात म्हणून पाहावे, आणि कर्ता ‘तो’ किंवा ‘ती’ असा घ्यावा. कर्त्याला ‘ने’ लागला तर दुसरे क्रियापद, म्हणजे ले, रेझ, सेट, फेल. ‘ने’ लागला नाही तर पहिले, म्हणजे लाय, राइझ, सिट, फॉल.

तो आडवा झाला. ‘ने’ नाही, म्हणून लाय, आणि त्याचा भूतकाळ ले.
त्याने पुस्तक ठेवले. ‘ने’ आहे, म्हणून ले, आणि त्याचा भूतकाळ लेड.
ती उठली. ‘ने’ नाही, म्हणून राइझ, भूतकाळ रोझ.
तिने हात वर केला. ‘ने’ आहे, म्हणून रेझ, भूतकाळ रेझ्ड.
झाड पडले. ‘ने’ नाही, म्हणून फॉल, भूतकाळ फेल.
त्याने झाड पाडले. ‘ने’ आहे, म्हणून फेल, भूतकाळ फेल्ड.

कर्ता ‘तो’ किंवा ‘ती’ घ्यावा असे म्हटले याचे कारण, ‘मी’ आणि ‘तू’ यांना मराठीत ‘ने’ लागत नाही. ‘मी झाड पाडले’ असे आपण म्हणतो, तेथे ‘ने’ लपून बसतो. तसेच शिकणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदे कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत. ‘तो धडा शिकला’, ‘ती नाव विसरली’ असेच आपण म्हणतो. परंतु आपल्या चार जोडप्यांशी त्यांचा संबंध येत नाही, त्यामुळे कसोटीला बाध येत नाही.

ही कसोटी मी आमच्या वर्गातील मित्रांबरोबर वाचनालयात बसून पुष्कळ वाक्यांवर लावून पाहिली आहे. विशेष हे की ज्यांना मराठी व्याकरणाच्या व्याख्या पाठ नाहीत त्यांनाही ती तितकीच सोपी जाते. ‘ने’ कोठे लागतो हे कोणालाच शिकवावे लागत नाही. ते आपण पाळण्यापासून शिकून आलेलो आहोत.

हा योगायोग नव्हे

येथे कोणी म्हणेल, इंग्रजी कोठली आणि मराठी कोठली. दोघींत असे साम्य दिसले तो योगायोग असेल. परंतु तसे नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असे मत मांडले, आणि गॉथिकचेही मूळ तेच असावे असे सुचविले. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी हे कुळ सविस्तर सिद्ध केले. गॉथिक ही इंग्रजीची दूरची चुलती. संस्कृत ही मराठीची पूर्वज. म्हणजे आपण एकाच वाड्यातून फार पूर्वी वेगळे निघालेले भाऊबंद आहोत.

संस्कृतात ‘घडवून आणणे’ दाखविण्यासाठी धातूला ‘अय’ जोडतात आणि पोटातील स्वर वाढवतात. पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो. म्रियते म्हणजे मरतो, मारयति म्हणजे मारतो. प्राकृतातून मराठीत येताना ‘अय’ झिजून गेला, पण वाढलेला ‘आ’ मागे राहिला. पाडणे आणि मारणे यांतील ‘आ’ ही त्या गेलेल्या ‘अय’ची खूण आहे.

इंग्रजीतही हेच घडले. गॉथिक भाषेत चौथ्या शतकात बायबलचे भाषांतर झाले. त्या भाषेत बसणे म्हणजे ‘सिटन’ आणि बसवणे म्हणजे ‘सट्यन’. पडून असणे म्हणजे ‘लिगन’ आणि ठेवणे म्हणजे ‘लग्यन’. सट्यन आणि लग्यन यांतील ‘य’ हा संस्कृत ‘अय’चाच भाऊ. जुन्या इंग्रजीत येईपर्यंत या ‘य’ने आधीचा ‘अ’ आपल्याकडे ओढून त्याचा ‘ए’ केला आणि स्वतः नाहीसा झाला. राहिले ते ‘सिट्टन’ आणि ‘सेट्टन’, ‘लिज्जन’ आणि ‘लेज्जन’. त्यांचीच आजची रूपे सिट आणि सेट, लाय आणि ले. संस्कृतातील सद् म्हणजे बसणे हा धातू आणि इंग्रजी सिट हे तर एकाच शब्दाचे दोन वंशज. सीदति आणि सादयति यांच्यात जे नाते, तेच सिट आणि सेट यांच्यात.

रेझची हकीकत थोडी वेगळी आहे. तो नवव्या शतकापासून इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. इंग्रजीचा स्वतःचा शब्द ‘रिअर’ हा होता. तो आज मुलेबाळे व जनावरे वाढविणे, पोसणे अशा अर्थाने उरला आहे.

आणखी एक जोडपे मला फार आवडले. पिणे म्हणजे ड्रिंक, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचे ‘पाजणे’ म्हणजे ड्रेंच. आज ड्रेंचचा रूढ अर्थ चिंब भिजवणे असा आहे. परंतु जनावराला तोंडाने औषध पाजणे या अर्थी तो शब्द पशुवैद्यकात अद्याप चालतो. आमच्याकडे बैलाला बांबूच्या नळीतून औषध पाजतात, त्या कामाचे इंग्रजी नाव ड्रेंच. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना या शब्दाचा हा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. खेड्यातल्या मुलाला तो एकदा सांगितला की पुरे, कारण ते काम त्याने केलेले असते.

इंग्रजीत अशी जोडपी थोडीच शिल्लक राहिली. ब्रेक म्हणजे तुटणेही आणि तोडणेही. बर्न म्हणजे जळणेही आणि जाळणेही. आपण दोन शब्द जपले, त्यांनी एकावर भागवले. म्हणूनच त्यांच्या उरलेल्या जोडप्यांत त्यांचाही गोंधळ होतो. लॉर्ड बायरनने ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ या काव्याच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सर्गात लायच्या जागी ले वापरले आहे, बहुधा यमक साधण्यासाठी. कवीला ते खपून गेले. परीक्षार्थीला खपणार नाही, एवढा भेद लक्षात ठेवावा.

सदऱ्यांचे इतर घोटाळे

एकाचा भूतकाळ तो दुसऱ्याचे मूळ रूप, हा प्रकार आणखी एका जोडीत महत्त्वाचा आहे. फाइंड – फाउंड – फाउंड म्हणजे सापडणे, शोधून काढणे. फाउंड – फाउंडेड – फाउंडेड म्हणजे स्थापन करणे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. तेथे ‘फाउंडेड’ हवे. ‘फाउंड’ लिहिले तर जोतीरावांना तो समाज कोठे तरी सापडला असा अर्थ होईल. तसेच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था ‘फाउंडेड’ केली. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलांसाठी अशा संस्था वाटेत सापडलेल्या नाहीत. कोणी तरी त्या कष्टाने उभ्या केल्या. निदान हे क्रियापद तरी आपण चुकवू नये.

हँगचेही असेच. तसबीर टांगणे या अर्थी हँग – हंग – हंग. फाशी देणे या अर्थी हँग – हँग्ड – हँग्ड. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्च १९३१ रोजी लाहोर येथे फाशी दिले गेले, तेथे ‘हँग्ड’. त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या जातात, तेथे ‘हंग’.

मराठी जेथे अडचण करते

मातृभाषा प्रत्येक ठिकाणी मदतच करते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. काही जुळी क्रियापदे आपल्याला अवघड जातात ती मराठीमुळेच. लिव्ह म्हणजे राहणे आणि लीव्ह म्हणजे सोडणे. फिल म्हणजे भरणे आणि फील म्हणजे वाटणे. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ स्वराने येथे अर्थ पालटतो. मराठीत इ आणि ई लिहिताना वेगळे असले तरी बोलताना त्यावर अर्थ सहसा अवलंबून नसतो; ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण जवळजवळ सारखेच उच्चारतो. शिवाय वीट, मीठ, कीड अशा शब्दांत शेवटच्या व्यंजनाआधीची इ दीर्घ करण्याची आपली सवय आहे. त्या सवयीने लिव्हचे लीव्ह होते, आणि ‘मी सोलापुरात राहतो’ म्हणणारा ‘मी सोलापूर सोडतो’ असे म्हणून बसतो. येथे उपाय एकच, भूतकाळ आठवणे. राहणेचा लिव्ह्ड, सोडणेचा लेफ्ट. भरणेचा फिल्ड, वाटणेचा फेल्ट. मूळ रूपे जुळी दिसली तरी भूतकाळात त्यांचे चेहरे वेगळे होतात.

ब्रॉट आणि बॉट यांत अडचण अर्थाची आहे. ब्रिंगचा भूतकाळ ब्रॉट म्हणजे आणले. बायचा भूतकाळ बॉट म्हणजे विकत घेतले. मराठीत ‘बाजारातून भाजी आणली’ म्हटले की विकत घेतली हे आपण धरूनच चालतो. एका ‘आणली’मध्ये दोन्ही सामावते. इंग्रजीत ठरवावे लागते. पैसे मोजले हे सांगायचे असेल तर बॉट, घरापर्यंत वाहून आणली हे सांगायचे असेल तर ब्रॉट. ब्रिंगमध्ये र आहे म्हणून ब्रॉटमध्येही र आहे, एवढी खूण पुरते.

अडॉप्ट आणि अडॅप्ट यांत फरक एका स्वराचा. अडॉप्ट म्हणजे अंगीकारणे, दत्तक घेणे. अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणे, अनुरूप बदल करणे. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी भारताचे संविधान अडॉप्ट केले. लूझ आणि लूस यांचे तर एका ओळीत भागते. गमावणे म्हणजे लूझ, त्याला एक ओ. सैल म्हणजे लूस, त्याला दोन ओ. जो गमावतो त्याचा एक ओ गेला असे समजावे.

कोणी केले ?

शेवटी एक मुद्दा मांडतो, कारण ही क्रियापदे नीट ओळखणे हा केवळ दोन गुणांचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. ‘पडणे’ जातीच्या क्रियापदात कर्ता दिसत नाही, ‘पाडणे’ जातीच्या क्रियापदात तो दिसतो. खेळताना शेजारच्यांची काच गेली की मुले सांगतात, ‘काच फुटली.’ ‘काच फोडली’ असे कोणी सांगत नाही, कारण लगेच ‘कोणी ?’ हा प्रश्न येतो. वर्तमानपत्रांतही हेच चालते. ‘प्राइसेस रोझ’ म्हटले की भाव आपोआप चढले. ‘रेझ्ड’ म्हटले की ते कोणी तरी चढवले. रस्ता रुंद होताना वडाची झाडे गेली. ‘ट्रीज फेल’ म्हटले तर ती वाऱ्याने पडली. ‘ट्रीज वेअर फेल्ड’ म्हटले तर कुऱ्हाड आणि हुकूम दोन्ही डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीत हा फरक एवढ्याशा अक्षरांचा आहे, पण त्या अक्षरांत जबाबदारी आहे.

आणि श्रेयही. आमच्या दादांनी सोसायटीचे कर्ज चार वर्षे राबून फेडले. ‘कर्ज फिटले’ म्हटले तर वाक्य चुकत नाही, परंतु ती चार वर्षे वाक्यातून गळून जातात. उद्या आपल्यापैकी कोणी कचेरीत अर्ज लिहील, कोणी वार्ताहर होईल, कोणी शिक्षक होईल. कोणती गोष्ट घडली आणि कोणती घडवली गेली हे त्याला इंग्रजीतही अचूक लिहिता आले पाहिजे.

तेव्हा मित्रहो, माझी सूचना एवढीच आहे. तीन रकान्यांच्या वहीत चौथा रकाना पाडावा आणि त्यात प्रत्येक क्रियापदासमोर आपल्या घरातले, आपल्या बोलीतले क्रियापद लिहावे. लायसमोर निजणे, लेसमोर निजवणे, फॉलसमोर पडणे, फेलसमोर पाडणे, ड्रेंचसमोर पाजणे. घरी ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही अशा माणसांना त्या चौथ्या रकान्यातले शब्द विचारावेत. ती क्षणात सांगतील. आपल्या घरी इंग्रजी शिकवणारे कोणी नाही, असे आमच्यातील पुष्कळ जण म्हणत असतात. इंग्रजी शिकवणारे नसेल. पण इंग्रजीतले जे सर्वांत अवघड तेच मराठीत अचूक बोलणारे प्रत्येकाच्या घरी आहे.

इंग्रजीच्या प्राध्यापकांनाही एक विनंती करावीशी वाटते. वर्गात लाय आणि ले यांची रूपे फळ्यावर लिहिताना शेजारी पडणे आणि पाडणे हेही लिहावे. मागच्या बाकांवर बसणारी, खेड्यातून आलेली मुले त्या दोन शब्दांकडे पाहून मान वर करतील. असो. लेखात काही उणे राहिले असेल तर जाणत्यांनी ते जरूर दाखवून द्यावे.